दहा महिने, सहा पासबुकं आणि एक सुकलेली रिबन

आधीच सांगतो, राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. त्यामुळं बँकेत गेलो की माझं लक्ष माणसांपेक्षा प्रिंटरकडं जास्त जातं. शाखेचं नाव लिहीत नाही.

जूनमध्ये इथं बचत खातं काढलं ते एकाच कारणासाठी, शाखा दुकानापासून चालत दोन मिनिटांवर. खातं काढताना चहासुद्धा मिळाला. त्यानंतर चहा नाही.

गल्ल्यावर क्यूआर चिकटवला आणि तिथंच गंमत सुरू झाली. पाच रुपयांची झेरॉक्स, पाच रुपयांची एंट्री. दिवसाला दहा-बारा होतात. मी हिशेब पासबुकावर पेन्सिलनं टिक करत बघतो, वडिलांची सवय. ॲपवर बघा की, असं सांगायला कुणी येऊ नये. काउंटरवर पासबुक सरकवलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "काका, एवढ्या एंट्र्या कशाला करता?" जणू मी मुद्दाम लोकांना पाच-पाच रुपये पाठवायला लावतोय.

बाहेर पासबुकाचं मशीन आहे. ते बारकोड वाचत नाही. सगळे म्हणतात मशीन खराब. मशीन चांगलं आहे हो! स्टिकरच तिरका चिकटवलाय, आणि त्यावर बोटानं घासून शाई पसरलीय. सहा पासबुकांपैकी चारांवर असंच. मग आत जायचं, तिथं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याची रिबन इतकी सुकलीय की आठ आणि शून्यातला फरक उन्हात धरल्याशिवाय कळत नाही. मी म्हटलं, रिबन मी आणून देतो, बिल नको. उत्तर आलं, "बाहेरचं साहित्य चालत नाही, हेड ऑफिसकडनं येतं." डिसेंबरपासून येतंय. एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे मात्र दर तिमाहीला न चुकता कापले जातात. त्याला कुठली रिबन लागत नाही.

एवढ्यावर मी भागवून घेतलं असतं. पण ३ मार्चला त्यांच्याच एटीएमवर ५,००० काढायला गेलो. मशीननं नोटा मोजल्याचा आवाज केला, तोंड उघडलं, मिटलं. नोटा नाहीत, खात्यातनं पैसे वजा. आत गेलो तर, "येतील आपोआप, चोवीस तास थांबा." दुसऱ्या दिवशी, "सात दिवस." आठवड्यानं, "लिंक नाही, नंतर या." एकदा गेलो तर चौथा शनिवार नव्हता, रविवार नव्हता, तरी साहेब जागेवर नव्हते. अहो, एटीएममधली रोकड मोजली की जास्तीचे पाच हजार दिसणारच की! त्याला एवढा वेळ कशाला?

इथपर्यंतचं मी मार्चमध्ये रागात लिहून ठेवलं होतं. त्यात काउंटरवरच्या मॅडमना बरंच बोललो होतो. ते काढून टाकलंय. कारण सांगतो.

२० मार्चला ५,००० जमा झाले. तोवर रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक माझ्या वाचण्यात आलं होतं. एटीएममधनं पैसे निघाले नाहीत आणि खात्यातनं वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला पाहिजेत. उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. म्हणजे ८ मार्चपर्यंत मुदत, पुढचे बारा दिवस, बाराशे रुपये. साहेबांना सांगितलं तर ते हसले. "मिळाले ना पैसे? मग झालं की."

मी बाहेर पडताना त्याच मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, तोंडी नको. अर्ज द्या आणि आमच्या शिक्क्याची पोच घ्या." त्या दिवशी नीट बघितलं. तीन खिडक्या आणि त्या एकट्या. दोन खुर्च्यांवर फायली ठेवलेल्या. पेन्शनवाल्या आजींना हयातीच्या दाखल्याचं समजावून सांगत होत्या आणि मागं रांग करवादत होती. माझी झेरॉक्सची मशीन तीन आणि माणूस मी एकटा, मला कळायला पाहिजे होतं.

अर्ज २१ तारखेला दिला. त्यात परिपत्रकाचा उल्लेख केला आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं) जाणार, हेही लिहिलं. ती तक्रार फुकट करता येते, रिझर्व्ह बँकेच्या साइटवर. माहितीला १४४४८ हा नंबर आहे. वकील लागत नाही. पोच मात्र जपून ठेवा. शिक्का अर्धाच उठला होता, मी परत मारून घेतला. शाईचं पॅडसुद्धा सुकलेलं, विचारू नका.

१६ एप्रिलला मोबाइलवर मेसेज आला, १,२०० जमा. लोकपालाकडं जायची वेळ आली नाही. साहेबांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लगेच पासबुक घेऊन गेलो. मला ती ओळ छापलेली बघायची होती. प्रिंटर खरखरला आणि कागद एका ओळीनं मागं सरकला. बाराशेची एंट्री बरोबर १७.७० वर छापली गेली. दोन्ही वाचता येत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "काका, डुप्लिकेट पासबुक देऊ का? फक्त त्याला चार्ज पडतो."