जोखमीचे गरोदरपण: नाव कुठे घालावे?

आधीच्या खेपेस रक्तदाब वाढलेला असेल किंवा या खेपेस रक्तातली साखर वाढलेली निघाली असेल, तर ओळखीचे खासगी प्रसूतिगृह गाठावे की जिल्हा रुग्णालय, याचा निर्णय घरच्यांना लवकर घ्यावा लागतो.

खासगी प्रसूतिगृहाची खरी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक भेटीत तपासणारे डॉक्टर तेच असतात. त्यामुळे 110 वर असणारा वरचा रक्तदाब 132 वर आला, तर 140/90 ची मर्यादा ओलांडण्याआधीच त्यांना शंका येते. मात्र लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, रक्त बाहेरून आणावे लागते आणि बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ बहुधा दुसऱ्याच रुग्णालयात हलवावे लागते. आई एका गावात आणि बाळ दुसऱ्या, अशी वेळ मग येते.

जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात शिशूंचा विशेष कक्ष सहसा एकाच आवारात असतात, आणि 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे तपासण्या, औषधे, सिझेरियन व वाहन यांचा खर्च पडत नाही. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींची विशेष तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर, म्हणजे तपासण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी माता-बाल कार्डावर, लाल खूण केली जाते. उणीव आहे ती गर्दीची आणि दर वेळी बदलणाऱ्या डॉक्टरांची. कार्डावरचा रक्तदाबाचा रकाना कोरा राहिला, तर पुढच्या डॉक्टरांना सारे पहिल्यापासून विचारावे लागते, आणि तो कोरा राहतो, हे रांगेत उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत आहे. जोखीम सर्वाधिक वाढते त्याच सुमारास डॉक्टर बदलतात. खासगी फाइल पुष्कळदा दवाखान्यातच राहते, कार्ड मात्र पिशवीत सोबत जाते. या एका बाबतीत मी सरकारी व्यवस्थेला झुकते माप देईन.

साखर आहार-औषधाने आटोक्यात असेल, तर खासगी प्रसूतिगृह पुरेसे ठरू शकते. जुळी, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली वार किंवा तीव्र रक्तदाब असल्यास मात्र रक्तपेढी आणि नवजात कक्ष असलेल्या मोठ्या रुग्णालयातच, सरकारी असो वा खासगी, सुरुवातीपासून नाव घालावे. खासगी उपचार चालू असतानाही आरोग्यसेविकेकडे नोंद करून कार्ड घेता येते. माहेरी निघण्याआधी औषधांची मात्रा, रक्तगट आणि शेवटच्या दोन सोनोग्राफींचे निष्कर्ष त्यावर डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावेत.