सायपायचे सॉल्व्ह_आयव्हीपी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सामान्य अवकल समीकरणे (एखादी राशी काळाबरोबर कशी बदलते हे सांगणारी समीकरणे) सोडवण्यासाठी गेले कित्येक महिने मी पायथन या संगणकभाषेच्या सायपाय या गणिती संचातील ‘सॉल्व्ह_आयव्हीपी’ हे फंक्शन नियमित वापरत आहे. 2017 मध्ये सायपायच्या 1.0 आवृत्तीबरोबर ते उपलब्ध झाले. सहा पद्धती एकाच मांडणीत मिळणे हे त्याचे मोठे बळ आहे. मात्र समीकरणाचा स्वभाव ओळखून पद्धत आणि त्रुटीची मर्यादा स्वतः ठरवणाऱ्यालाच त्याचा पुरता लाभ होतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

पद्धत सांगितली नाही तर आरके45 चालते. डॉर्मंड आणि प्रिन्स यांनी 1980 मध्ये मांडलेली ही रुंगे-कुट्टा जोडी पायरीपायरीने पुढे जाते. ती पाचव्या कोटीचे उत्तर पुढे नेते (कोटी म्हणजे पायरी लहान केल्यावर त्रुटी किती वेगाने घटते याचे माप), चौथ्या कोटीच्या उत्तराशी त्याचा फरक पाहून त्रुटीचा अंदाज बांधते आणि त्यावरून पुढची पायरी लहान-मोठी करते. त्रुटीची डीफॉल्ट सापेक्ष मर्यादा (उत्तराच्या आकाराच्या प्रमाणात) 10⁻³ आणि निरपेक्ष मर्यादा (आकार कितीही असो) 10⁻⁶ असते. आलेखाचा ढोबळ आकार पाहण्यास एवढे पुरते, पण ही मर्यादा एकेका पायरीवरील त्रुटीची आहे, अंतिम उत्तराच्या त्रुटीची नव्हे. म्हणून मी प्रत्येक महत्त्वाचे गणित शंभरपट कडक मर्यादेने पुन्हा चालवतो आणि दोन्ही वेळा जुळलेले अंकच ग्राह्य धरतो. अधिक अंक हवे असतील तर आठव्या कोटीची डीओपी853 बहुधा कमी श्रमात ते देते.

खरी कसोटी स्टिफ समीकरणांची, म्हणजे ज्यांत अतिशय वेगवान आणि अतिशय संथ बदल एकत्र असतात त्यांची. रॉबर्टसन यांच्या 1966 मधील रासायनिक अभिक्रियेच्या उदाहरणात वेगांचे स्थिरांक 0.04, 10⁴ आणि 3×10⁷ असे आहेत. उत्तर अगदी संथ बदलत असतानाही आरके45 ला स्थिरता टिकवण्यासाठी अतिशय लहान पायऱ्या घ्याव्या लागतात. रडाऊ किंवा बीडीएफ या अव्यक्त पद्धती (प्रत्येक पायरीवर पुढचे मूल्य समीकरण सोडवून काढणाऱ्या) मात्र काळ पुढे सरकेल तशी पायरी वाढवत नेतात. याच उदाहरणात मधल्या घटकाचे प्रमाण कधीही 4×10⁻⁵ च्या वर जात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी निरपेक्ष मर्यादा 10⁻⁶ ठेवणे म्हणजे त्या घटकाकडे जवळजवळ दुर्लक्ष करणे होय. प्रत्येक घटकाला वेगळी मर्यादा देता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. जेकोबियन (बदलाचे वेग प्रत्येक घटकानुसार कसे बदलतात हे सांगणारी सारणी) स्वतः लिहून दिल्यास अव्यक्त पद्धतींचे काम आणखी हलके होते.

घटना, म्हणजे एखादी राशी शून्य ओलांडते तो क्षण, शोधण्याची सुविधाही उत्तम आहे, पण ती पायरीच्या दोन टोकांमधील चिन्हबदल पाहते. एकाच पायरीत राशी शून्य ओलांडून परत आली तर ती घटना निसटते. तसेच बराच काळ शांत असलेल्या प्रणालीवर क्षणभर बाह्य बल लावले, तर वाढलेली पायरी त्या बलावरून सरळ उडी मारू शकते. उत्तराचे क्षण दाट मागितल्याने यात फरक पडत नाही, कारण ते क्षण अंतर्वेशनाने, म्हणजे आधीच घेतलेल्या पायऱ्यांमधील मूल्यांचा अंदाज बांधून, भरले जातात. पायरीची कमाल लांबी बांधून द्यावी, किंवा बल सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या क्षणी गणिताचे तुकडे करावेत. मी दुसरा मार्ग पसंत करतो.

ग्रहकक्षांच्या दीर्घ गणितासाठी मात्र मी हे फंक्शन वापरत नाही. सहापैकी एकही पद्धत सिंप्लेक्टिक (गतीची भूमितीय रचना जपणारी) नसल्यामुळे ऊर्जा हळूहळू सरकत जाते. तेथे ठरावीक पायरीची श्टोर्मर-व्हर्लेट पद्धत, दुसऱ्याच कोटीची असूनही, ऊर्जेची त्रुटी दीर्घकाळ मर्यादेत ठेवते आणि ती लिहायला मोजक्याच ओळी लागतात.