नव्या डिस्कचे पैसे घेतले, जुन्याच घासून बसवल्या

पिकअपच्या पुढच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, ज्यांना पॅड आवळले की गाडी थांबते) बदलायच्या असतील तर गाडी गॅरेजात टाकण्याआधी हे वाचा. दोन नव्या डिस्क, पॅड आणि मजुरी मिळून आमच्याकडून ११ हजार रुपये घेतले आणि बसवल्या आमच्याच जुन्या डिस्क. लेथवर घासून, कडेला चंदेरी रंग मारून.

माझा मोठा भाऊ छिंदवाड्याहून नागपूरच्या कळमना बाजारात भाजीपाला आणतो. गाडी त्याचीच, चालवतोही तोच. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, म्हणून अमरावती रोडवरच्या एका गॅरेजात दाखवली. दोन्ही डिस्क बदलाव्या लागतील, असं मेकॅनिक म्हणाला. तिथवर तो खोटं बोलत नव्हता. गाडी देताना म्हणाला, "दोन्ही बाजूच्या नव्या टाकून दिल्या भाऊ, आता बघायचं काम नाही." भावानं जुन्या मागितल्या, तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

ही लबाडी लगेच उघडी का पडत नाही, ते समजून घ्या. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की थरथर येते. लेथवर घासली की ती सपाट होते, थरथर थांबते आणि गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं. डिस्क घासण्यात गैर काही नाही. जाडी शिल्लक असेल तर चांगले मिस्त्रीही घासतात, पण सांगून, आणि घासण्याचेच पैसे घेऊन. डिस्कवर बहुधा 'मिन टीएच' असं कोरून पुढे आकडा दिलेला असतो, ती कमीत कमी जाडी. नवी डिस्क आणि हा आकडा यांत साधारण दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. त्याखाली गेलेल्या पातळ डिस्कला उष्णता झेपत नाही. रिकाम्या गाडीत हे कळतही नाही. माल भरून याच वाटेवरची सिल्लेवानीची घाटी उतरताना मात्र ब्रेक सारखा लागतो, डिस्क तापते, पुन्हा थरथरू लागते, फारच तापली तर तडकूही शकते. भावाला घाटीतच थरथर जाणवली, पहिल्यापेक्षा जास्त. मागे भाजीनं भरलेली गाडी, पुढे वळण. थोड्या पैशांसाठी त्या माणसानं माझ्या भावाचा जीव टांगणीला लावला, याचा संताप अजून जात नाही.

सावनेरच्या ओळखीच्या मिस्त्रीनं चाक काढलं. कडेच्या रंगाचे पापुद्रे निघत होते. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर जाडी कोरलेल्या आकड्याहून कमी भरली. पण खरा पुरावा आत होता. डिस्कच्या दोन चकत्यांच्या मध्ये हवेसाठी खाचा असतात, तिथे लेथचं हत्यार पोचत नाही. त्या खाचांत जुना गंज आणि चिखल घट्ट बसलेला होता. नुकत्या टाकलेल्या डिस्कमध्ये तो कुठून येणार?

फोटो दाखवल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "दुकानदारानंच तसा माल दिला." मग दुकानाचं बिल दाखव म्हटलं, तर ते नाही. त्याच्या स्वतःच्या बिलावर मात्र 'डिस्क नवीन, २ नग' असं लिहिलेलं आहे आणि तेच आता आमच्या कामी येतंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार केली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. मालवाहू गाडी म्हणजे धंदा, तिला ग्राहक कायदा लागत नाही, असं गॅरेजवाले दटावतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापर करणाऱ्याला ग्राहकच धरलं आहे. शिवाय ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात फी नाही.

डिस्क बदलून घेताना आपल्यासमोर डबा फोडायला लावा, पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या आणि गाडी टाकतानाच सांगा की जुन्या डिस्क आम्ही घेऊन जाणार. काम आधीच झालं असेल तर कुठल्याही दुसऱ्या मिस्त्रीकडून पुढचं चाक काढून घ्या, खाचांत टॉर्च मारा आणि फोटो काढून ठेवा. माल भरून घाटीत जाण्याआधी.