मटण युनिटला ‘पास’ जमीन घेतली आणि बसलो बोंबलत

नमस्कार मंडळी. हे लिहू का नको असं तीन महिने चाललेलं, कारण लिहायचं म्हणजे आपलाच येडेपणा चव्हाट्यावर मांडायचा. पण परवा कवठेमहांकाळच्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला, दादा एक जण शेतात कत्तलखान्याची परवानगी काढून देतो म्हणतोय, जमीन पण तोच दाखवतोय, घेऊ का. मला ज्यानं फसवलं, तोच माणूस निघाला. मग म्हटलं आता लाज गेली खड्ड्यात, लिहायचंच.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं घराआड एक जण गलाईला असतो, मी पण 17 वर्षं तामिळनाडूत सोनं गाळत बसलेलो. 2023 ला दुकान भावाच्या हवाली करून गावी आलो, थोडे पैसे गाठीला होते, 40 शेळ्या घेतल्या. शेळीपालनात काय होतं सांगतो, वर्षभर मरमर आपण करायची आणि व्यापारी येऊन बोकडाच्या कंबरेवर हात दाबून बघणार आणि उक्ता भाव सांगणार. काटा नाही, काय नाही. तेच मटण शहरात सातशेच्या पुढं किलो. मग डोक्यात किडा शिरला की आपणच कापायचं, पॅक करायचं आणि पुण्याच्या हॉटेलांना द्यायचं. दिवसाला 30-40 बोकड, आसपासच्या शेळीवाल्यांचे पण घ्यायचे. कल्पना आजही मला वाईट वाटत नाही, वाईट होता तो मी धरलेला रस्ता.

पाहुण्यांपैकी एकानं सांगलीतल्या ‘कन्सल्टंट’ची गाठ घालून दिली. एक खोलीचं ऑफिस, भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा, टेबलावर फायलींचा ढीग, आणि माणूस असा गोड की पहिल्याच भेटीत मला दाजी म्हणायला लागला. बोलायला बसला की योजनाच योजना. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रियेतनं 35 टक्के सबसिडी, 10 लाखापर्यंत, पशुसंवर्धनच्या फंडातनं व्याजात 3 टक्के सूट. हे सगळं तेव्हा खरं होतं बरं का, योजना खऱ्याच होत्या, मी नंतर तपासलं. त्याची सगळी कला यातच होती, दहातल्या नऊ गोष्टी खऱ्या सांगायचा.

मी म्हटलं माझी स्वतःची जमीन आहे की दोन एकर, तिथंच करू. तर म्हणाला, "दाजी तुमची जमीन शेती झोनमधी, तिथं कत्तलखाना बसवायला वर्षं जातील. माझ्याकडं पास झालेला प्लॉट हाय." तासगाव तालुक्याच्या हद्दीला, रोडलगत 40 गुंठे, गावापासून हाकेच्या अंतरावर. का पास, तर म्हणे नवीन कायदा आलाय, गावठाणाच्या हद्दीपासनं 200 मीटरच्या आत जमीन असली की ती आपोआप एनए, म्हणजे बिगरशेती. मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं तर खरंच महसूल अधिनियमात तेव्हा कलम 42-ड होतं आणि 200 मीटर पण होतं. झालं, माझा विश्वास बसला. पुढची ओळ वाचायचं मला सुचलं नाही. तिथं स्पष्ट होतं की हे मानीव रूपांतर, म्हणजे जमीन बिगरशेती झाली असं धरणं, राहण्याच्या वापरासाठी किंवा प्रादेशिक योजनेत जो वापर बसतो त्यासाठी. आता तुम्हीच सांगा, गावठाणाला चिकटून कत्तलखाना कुठल्या योजनेत बसणार? म्हणजे ज्या कारणानं ती जमीन घर बांधायला सोपी, त्याच कारणानं कत्तलखान्याला बाद. आणि मी त्याच कारणासाठी जास्त पैसे मोजले.

त्या भागात तसल्या जिरायत जमिनीचा दर तेव्हा एकरी 11-12 लाख चाललेला. मी 19 ला घेतली. खरेदीखतात 12 दाखवले, वरचे 7 रोख. (इथंच माझी मान त्याच्या हातात गेली, ते पुढं येईल.) खरेदीखतात जमिनीचं वर्णन ‘जिरायत’ असंच होतं. मी विचारलं, तर म्हणाला ऑनलाइन अपडेट व्हायला सहा महिने लागतात, ऑर्डर तर आपल्या हातात हाय. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, मी काढला पण, त्यावर अकृषिकचा शब्द नव्हता, तरी मी त्याच्या सहा महिन्यांवर भरवसा ठेवला. 15 रुपयांच्या कागदावर नाही ठेवला.

मग कागद यायला लागले. पहिलं उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट, त्याचे 6 हजार घेतले. ते फुकट निघतं, आधार नंबर आणि ओटीपी लागतो. दुसरं अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन, 18 हजार. त्याची सरकारी फी वर्षाला 100 रुपये. आणि मुख्य म्हणजे ते छोट्यांचं रजिस्ट्रेशन, शेळी-मेंढी दिवसाला 10 पर्यंतच चालतं. 10 च्या वर 150 पर्यंत कापायचे असतील तर राज्याचं लायसन लागतं, आणि कत्तलखान्याच्या लायसनला स्थानिक संस्थेची ना हरकत लागते. तिसरा कागद ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, शिक्का सही सगळं खरं, पण त्यात लिहिलेलं ‘शेळीपालन शेड बांधणेकामी’. मी हा दाखला कमीत कमी वीस वेळा हातात घेतला असेल, फाईलला लावला, झेरॉक्स काढल्या. वाचला मात्र नाही. शिक्का बघितला की आपल्या माणसाचं समाधान होतं.

चौथा कागद म्हणजे एनए ऑर्डर. ‘कत्तलखाना व मांस प्रक्रिया’ असं ठळक अक्षरात, गोल शिक्का, जावक नंबर, तारीख. याचे साडेतीन लाख, तीन हप्त्यात, सगळे रोख. सायबाला चेक चालत नाही म्हणे. आता खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. वाटलं, चला आपलं काम आत बसलेल्या माणसाकडनं होतंय, रांगेतल्या लोकांसारखं हेलपाटे नाहीत. फसवणारा माणूस आपल्याला हेच विकत असतो बघा, जमीन नाही आणि ऑर्डर पण नाही, आपण रांगेच्या पुढं आहोत ही गुदगुली.

सावध करणारा माणूस भेटला नव्हता असं पण नाही. विट्यात आमचे नेहमीचे मटणवाले आहेत, तिसरी पिढी त्या धंद्यात. त्यांना मी मोठ्या तोंडानं सांगितलं. त्यांनी सुरी पुसत एकच विचारलं, "रक्ताचं पाणी कुठं सोडणार?" मी म्हटलं शोषखड्डा काढू की. तर हसले. म्हणाले, "मालक, आमी चार बकरी कापतो तरी गटारीवरनं रोज बोलणं खातो. तुमी चाळीस कापणार. बोर्डाचं पत्र आलंय का?" मला वाटलं म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, धंदा जाईल म्हणून. बोर्ड म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ हे पण मला तेव्हा माहीत नव्हतं. कत्तलखाना आणि मांस प्रक्रिया त्यांच्या यादीत लाल गटात मोडते, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत. वीट रचायच्या आधी उभारणीची संमती, सुरू करायच्या आधी चालवायची वेगळी संमती, आणि सांडपाणी शुद्ध करायचा प्लॅन्ट. हे त्या कन्सल्टंटनं एकदा पण तोंडातनं काढलं नाही, कारण तिथं तो खोटा कागद आणू शकत नव्हता बहुतेक.

मी जोता बांधून घेतला, साडेचार लाख गेले. जोत्याचं काम दिसलं आणि शेजारी जागे झाले. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला बेदाण्याचं शेड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेदाणा जाळीवर उघडा वाळवतात, तिथं एक माशी दिसली तरी मालकाचा जीव खालवर होतो, आणि मी तिथं कत्तलखाना बांधत होतो. खालच्या अंगाला ओढा, तो पुढं येरळेला मिळतो. वर गावात कुणीतरी उठवलं की इथं गाई कापणार आहेत. गाय कापायला आधीपासनंच आणि बैल, वळू कापायला 2015 पासून राज्यात बंदी आहे, माझं तर नुसतं शेळ्यामेंढ्यांचं, पण आवई उठली की कोण ऐकतंय. ग्रामसभेत विषय आला, मी ताठ मानेनं ग्रामपंचायतीचा दाखला काढून दाखवला. सरपंचांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. शेळीपालन शेड. सगळी सभा माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो कागद ऐकला म्हणायचं.

तरी मनात होतं, एनए ऑर्डर तर आहे ना. बँकेत कर्जाची फाईल टाकलेली, तिथल्या पॅनलवरच्या वकील मॅडमनी आठ दिवसात बोलावलं आणि म्हणाल्या ही ऑर्डर खरी करून आणा. म्हटलं म्हणजे काय. म्हणाल्या, तहसीलला जा आणि हा जावक नंबर रजिस्टरला बघा. गेलो. तिथल्या क्लार्कनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, तो नंबर त्या तारखेला विहिरीच्या वीज कनेक्शनच्या एका पत्राला दिलेला. पाच मिनिटाचं काम होतं हो, अर्ज पण लागला नाही. जे मी साडेतीन लाख द्यायच्या आधी करायला पाहिजे होतं ते दिल्यावर पाच महिन्यांनी केलं.

त्याच क्लार्कनं मला बसवून चहा पाजला आणि समजावलं. शेळ्या पाळणं हा शेतीचा जोडधंदा, शेतात गोठा शेड घातलं तर कोण विचारत नाही. पण तीच शेळी धंद्यासाठी कापायची म्हटलं की जमिनीचा वापर बदलला, मग महसूलच्या कलम 44 खालची परवानगी आली, त्याच्या आधी नगररचनाचा अभिप्राय आला, कुठल्या झोनमध्ये हा वापर बसतो ते आलं. परवानगी नसताना सुरू केलंत तर कलम 45 ची नोटीस, दंड आणि जमीन होती तशी करून द्या. मग सांगलीला नगररचनामध्ये जाऊन गट नंबर देऊन झोन दाखला मागितला, रीतसर अर्ज, रीतसर पावती. दाखला आला त्यात कत्तलखान्याचा क पण नाही.

आमच्या दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरनं आणखी एक सांगितलं. दिवसाला 10 किंवा जास्त जनावरं कापायची म्हणजे 2001 चे कत्तलखाना नियम लागतात. कापायच्या आधी प्रत्येक जनावर डॉक्टरनं तपासून दाखला द्यायचा, एका डॉक्टरनं तासाला 12 च्या वर आणि दिवसाला 96 च्या वर तपासायची नाहीत, गाभण जनावर नाही, तीन महिन्याच्या आतलं नाही, आणि विश्रांतीला वेगळी जागा पाहिजे. "तुमच्या नकाशात डॉक्टरची खोली कुठाय?" मी नकाशा उलटसुलट बघितला. नव्हती. नकाशाचे पण 40 हजार दिलेले, तो नंतर कळलं कुठल्यातरी पोल्ट्री शेडचा होता, वरचं नाव बदललेलं.

कन्सल्टंटला फोन केला तर आधी म्हणाला दाजी टायपिंग मिस्टेक असेल. मग म्हणाला क्लार्क नवीन हाय. मग दोन वेळा मिळून 60 हजार फोनवर पाठवले आणि म्हणाला बाकीचे दिवाळीनंतर. मग फोन बंद. ऑफिसला गेलो तर तिथं मोबाईल रिपेअरिंगवाला बसलेला.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं की हे दिवाणी मॅटर आहे. वकील गाठला. तो म्हणाला बनावट शासकीय आदेश आहे म्हटल्यावर दिवाणी कसलं, पण आधी मला सांगा साडेतीन लाख कशाचे दिले? मी म्हटलं सायबाला. तो नुसता बघत राहिला. 2018 पासून लाच देणारा पण गुन्हेगार धरतात, जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर 7 दिवसात कळवायचं असतं म्हणे. माझ्याकडनं कुणी जबरदस्ती केली नव्हती, मी हौसेनं दिलेले. आता कुठला साहेब बिहेब नव्हताच, पैसे त्याच्याच खिशात गेले, पण कागदावर ते कसं मांडायचं? आणि जमिनीचे वरचे 7 लाख, ते तर मी दिलेच नाहीत असं माझ्याच सहीचं खरेदीखत सांगतंय. त्यानं मोठ्या रकमा रोख का घेतल्या ते त्या खुर्चीत बसून कळलं. शेवटी बनावट आदेशावर जोर देऊन तक्रार लिहिली, तहसीलमधनं जावक रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल माहिती अधिकारात काढून जोडली, तेव्हा कुठं गुन्हा दाखल झाला. फीचे म्हणून जे काही फोनवरनं पाठवलेले त्याचेच तेवढे पुरावे आहेत, 64 हजार. त्यातले 60 त्यानं परत दिलेत. हिशोबाला माणूस पक्का.

जमीन मात्र माझ्या नावावर आहे, ती खरी निघाली एवढं नशीब. शेतीच करायला पाहिजे. कवठेमहांकाळच्या पोराला मी सांगितलंय की त्याच्याकडनं एकच वस्तू घे, त्या ऑर्डरचा जावक नंबर, आणि तहसीलला जाऊन ये. तो गेला होता काल. निघाला नाही नंबर.

जोत्याचं काय करायचं हा प्रश्न होता. तर त्या बेदाणा शेडवाल्यानंच, ज्यानं माझ्याविरुद्ध ग्रामसभेत पहिला हात वर केला होता, त्यानंच विचारलं की सीझनला क्रेट ठेवायला देता का. महिना 3 हजार ठरलेत. भाडं ऑनलाइन घेतो, रोख नको म्हणून सांगितलंय.