मातीतल्या माइटसाठी पत्र्याचं नरसाळं: आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने वापरलं, मगच लिहायला बसलेय. कोल्हापुरात बंब, पन्हळी आणि नरसाळी बनवणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानातून मी बर्लेसे फनेल करून घेतलं. यात जाळीवर पाला-माती ठेवून वरून बल्बने वाळवायची, की त्यातले जीव खाली सरकत तोटीखालच्या बाटलीत पडतात. जीआय पत्र्याचं, वर 30 सेंटिमीटर रुंद, उभ्या उताराचं, आत 2 मिलिमीटर छिद्रांची जाळी. सगळं मिळून साडेआठशे रुपये.

माझं काम ओरिबॅटिड माइटच्या जाती ओळखण्याचं आणि नवी दिसली तर तिचं वर्णन करण्याचं. जेमतेम अर्धा मिलिमीटरचे, तपकिरी, कडक पाठीचे जीव. पालापाचोळ्याची माती होते त्यात यांचा मोठा वाटा. जगभरात यांच्या 11 हजारांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत आणि अजून कितीतरी राहिल्या आहेत. पण वर्णन करायचं तर माइट धड हाती यायला हवा. शेलोरिबेटिस या ओरिबॅटिडांमधल्या एका वंशाचंच घ्या. पाठीवरच्या केसांच्या 10 जोड्या मोजायच्या असतात, त्यांची लांबी मापायची असते. पुढच्या बाजूला दोन खळग्यांतून एकेक सेन्सिलस, म्हणजे संवेदना टिपणारा खास केस, बाहेर आलेला असतो. त्याचं टोक गदेसारखं आहे की टकळीसारखं, हे जात ठरवताना फार महत्त्वाचं. तोच मोडला तर त्या नमुन्यावर काही लिहिता येत नाही.

आधीचं फनेल एका पुरवठादाराकडून मागवलं होतं. प्लॅस्टिकचं, पसरट, आणि जाळी कडेला घट्ट टेकलेली. बल्ब लावला की ओल्या पाल्याची वाफ आतून जमायची. त्या थेंबांत माइट अडकून मरायचे, बाटलीपर्यंत पोचायचेच नाहीत. पावसाळ्यातले दोन महिन्यांचे नमुने असेच गेले. फार वाईट वाटलं होतं.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ताई, वाफ जाणार कुठनं?" आणि जाळीच्या कड्याला तीन आकडे लावून ती काठापासून बोटभर आत टांगली. चारी बाजूंनी हवा खेळायला लागली. पहिल्याच खेपेला गगनबावड्याकडच्या आमच्या बांधावरच्या आंब्याखालचा पाला लावला आणि सहा दिवसांत बाटलीत इतके माइट आले की मोजायला दोन संध्याकाळी लागल्या.

उणीव एक होती. आतल्या सांध्यावर डाखाचे गोळे राहिले होते, तिथे माइट थांबायचे. परत नेलं, तर काकांनी समोर बसून पॉलिश पेपरने घासून दिलं, पैसे घेतले नाहीत. सांध्याला आता थोडा गंज धरतोय, म्हणून वापरून झालं की कोरडं पुसून ठेवते. आणि सांगितलेल्या दिवशी काम मिळेल असं धरू नका. मला चार दिवस जास्त लागले.

बल्बचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. 1905 साली हे फनेल काढणाऱ्या इटलीच्या बर्लेसे यांनी तापवायला गरम पाणी वापरलं होतं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी बल्ब आणला. तो तारेचा बल्ब हवा, एलईडीने माती वाळत नाही. मला कोंबडीच्या पिल्लांचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला. पहिले दोन दिवस 25 वॅट, नंतर 40. एकदम तापवलं तर माइटची पिल्लं, म्हणजे तीन जोड्या पायांच्या अळ्या, वरच सुकून मरतात. वर्णनाला त्याही हव्या असतात.

पाला भरताना बाटली खाली ठेवू नका. आधी कचरा गळून जाऊ द्या, मगच 75 टक्के अल्कोहोलची बाटली लावा. नाहीतर मातीचे कण अंगाला चिकटतात आणि माइट पारदर्शक करण्यासाठी लॅक्टिक ॲसिडमध्ये आठवडाभर ठेवूनही पाठीवरचे केस नीट दिसत नाहीत.

सध्या माझ्या स्लाइडवर एक शेलोरिबेटिस आहे, 14 नमुने, सगळ्यांचे दोन्ही सेन्सिलस शाबूत. जुन्या वर्णनांशी ताडून बघणं चालू आहे. काकांना आणखी सहा नरसाळी सांगितली आहेत. तुम्ही गेलात तर तुमची बाटली सोबत न्या, तोटी ते तिच्या तोंडाच्या मापाची करून देतात.