मांजराचा घरपोच डबा: मांस उत्तम, पुडी अपुरी

कोल्हापुरातल्या राजारामपुरी, ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनी या भागात मांजरांसाठी शिजवलेलं जेवण घरपोच देणारी एक छोटी घरगुती सेवा आहे. आठवड्याला 90 ग्रॅमची 14 गोठवलेली पाकिटं मिळतात. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला दोन पाकिटं साधारण पुरतात. तरी दर पंधरवड्याला वजन बघायचं आणि त्यानुसार कमी-जास्त करायचं.

मांसाला पैकीच्या पैकी गुण. पाकीट उघडलं की कोंबडीच्या मांडीचे हरभऱ्याएवढे तुकडे दिसतात, मध्येमध्ये हृदयाच्या गडद चकत्या, थोडं काळीज (यकृत) आणि तळाला शिजवलेल्या पाण्याचा थिजलेला थर. हे पाणी ठेवलंय, ही या डब्याची सगळ्यात जमेची बाजू. मांजराचं शरीर टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य पुरेसं बनवू शकत नाही आणि टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन उकडून पाणी मोरीत ओतलं की बरंचसं टॉरिन त्याच्याबरोबर गेलंच. ते कमी पडत राहिलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाशी असलेला हा संबंध 1987 मध्ये संशोधनातून स्पष्ट झाला. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीत आणि हृदयात टॉरिन जास्त, म्हणून इथली निवड जाणकाराची वाटते.

काळीज 5 टक्के, तेही योग्यच. भोपळ्या-गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करणं मांजराला जमत नाही, त्यामुळे काळीज हवंच. पण आवडतं म्हणून रोज वाटीभर घातलं तर तेच जीवनसत्त्व अती होऊन काही महिन्यांत मानेचे मणके जखडतात.

आता तक्रार. डब्याबरोबर कॅल्शियमची वेगळी पुडी येते आणि तिच्यावर लिहिलंय ‘एक चिमूट घालावी’. चिमूट कुणाच्या बोटांची? बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. ती तूट भरली नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. पिल्लांची हाडं तर साध्या उडीनेही मोडतात. एक किलो मांसाला अंड्याच्या टरफलाची सुमारे 6 ग्रॅम पूड लागते, म्हणजे एका पाकिटाला जेमतेम अर्धा ग्रॅम. टॉरिनची भर किलोला 2 ग्रॅम घातली जाते. या पुडीत ती आहे की नाही, याचा उल्लेखच नाही. घरातला साधा काटा अर्धा ग्रॅम धरत नाही. गुजरीत सोनं तोलतात तसला 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. पूड घरी करायची तर टरफलं उकळून, खडखडीत वाळवून, मिक्सरमधून मैद्यासारखी काढायची. बोटाला कचकच लागली तर पुन्हा फिरवायची.

ई आणि बी-1 जीवनसत्त्व, आयोडीन, जस्त यांबद्दलही लेबल गप्प आहे. त्यामुळे हा पूर्ण आहार म्हणून घेऊ नये. लेबल सुधारेपर्यंत एक वेळ हा डबा आणि दुसऱ्या वेळी ‘संपूर्ण आहार’ असं छापलेलं मांजराचं तयार खाद्य, हा सध्याचा सुरक्षित मार्ग. मासळीचा डबाही मिळतो, तो आठवड्यातून एकदाच पुरे.

रस्सा कमी वाटला म्हणून घरातली मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवल्याचं बिनतिखट पाणी, मात्र ओतू नका. कोल्हापुरात हे सर्रास होतं. तिखट नसलं तरी तिच्यात कांदा, लसूण आणि मीठ असतं. कांदा-लसणानं मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात, शिजवल्यानं तो धोका जात नाही.

पाकिटं कधीकधी अर्धी वितळलेली हातात पडतात. ती परत गोठवू नयेत. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावीत. देताना बंद पाकीट कोमट पाण्यात ठेवायचं, गारढोण मांस बरीच मांजरं हुंगून सोडतात.

जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत 7 ते 10 दिवसांत बदल करावा. 24 तास काहीच खाल्लं नाही तर हट्ट न करता जुनं खाणं पुढे ठेवावं आणि डॉक्टरांना फोन करावा. विशेषतः जाड मांजरानं दोन-तीन दिवस उपास काढला तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला आणि वर्षाच्या आतल्या पिल्लाला हा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.