डिग्री घेऊन टीम बदलायची की मधेच सोडून प्रो व्हायचं: अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या पोरांसाठी

तिसऱ्या-चौथ्या वर्षाला हा प्रश्न घरात येतोच. पोराचा एखादा सीझन शिल्लक असतो, डिग्री जवळ आलेली असते किंवा थोडी बाकी असते, आणि समोर दोन रस्ते असतात. एक म्हणजे ग्रॅड ट्रान्सफर, डिग्री हातात घेऊन दुसऱ्या कॉलेजात मास्टर्सला जायचं आणि उरलेला सीझन तिकडून खेळायचा. दुसरा म्हणजे सरळ कॉलेज सोडून प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू व्हायचं. माझं मत आधीच सांगते, ज्याला पहिल्या फळीतला प्रो होण्याची पक्की खात्री नाही त्याने डिग्री पूर्ण केल्याशिवाय हलू नये.

आधी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, बघा, कारण फरक तिथेच सुरू होतो. कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था एनसीएए, तिचं गणित बरीच वर्षं पाच वर्षांत चार सीझनचं राहिलं आहे, पण कॉन्फरन्स त्यावर स्वतःचे नियम लावू शकतात. एसईसी या दक्षिणेकडच्या मोठ्या कॉन्फरन्सने २०११ मध्ये ग्रॅड ट्रान्सफरवर कडक अटी घातल्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकन फुटबॉलचा रसेल विल्सन एनसी स्टेटची डिग्री घेऊन बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या विस्कॉन्सिनला गेला, लगेच खेळला आणि टीमला रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. पुढे एसईसी हळूहळू सैल होत गेली. २०१७ मध्ये एक अट हलकी केली, २०२१ मध्ये कॉन्फरन्समधल्याच दुसऱ्या कॉलेजात जाणाऱ्यांनाही लगेच खेळायची मोकळीक दिली. एसीसी या आणखी एका मोठ्या कॉन्फरन्सनेही त्याच वर्षी तेच केलं. तरी एसईसी फुटबॉलमध्ये तारखांची अडचण राहिलीच, वसंतात कॉन्फरन्सच्या आतच बदली केली तर त्या सीझनला खेळता येत नव्हतं. म्हणून तारखा बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

आयव्ही लीग, म्हणजे येल, प्रिन्स्टन वगैरे कॉलेजांची कॉन्फरन्स, मात्र पूर्ण वेगळी. तिथे मास्टर्सच्या विद्यार्थ्याला खेळताच येत नाही. कोविडमध्ये सीझन बुडालेल्यांसाठी एकदाच सूट दिली होती, तेवढीच. स्पोर्ट्स स्कॉलरशिपही नाही. त्यामुळे सीझन शिल्लक असलेल्याला बाहेर पडावंच लागतं, बास्केटबॉलमध्ये येलचा पॉल अ‍ॅटकिन्सन नोत्र दामला गेला, प्रिन्स्टनचा जेलन लुएलिन मिशिगनला. मुलगी किंवा मुलगा आयव्हीत जाणार असेल तर हे पहिल्याच दिवशी माहीत हवं.

आता कोणी म्हणेल की ग्रॅड ट्रान्सफरचं एवढं काय, आता तर सगळेच बदलतात. खरंय, २०१८ ला पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्यांची नावं नोंदवायची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ ला एकदा बदलायची सूट मिळाली, आणि कोर्टकचेरीनंतर २०२४ मध्ये कितीही वेळा बदला, फक्त अभ्यासात पात्र राहा असं झालं. पण खरी मेख त्या "पात्र राहा" मध्येच आहे. डिग्री न घेता बदललं तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा ४० टक्के, चौथ्याला ६०, पाचव्याला ८० टक्के भाग पूर्ण लागतो, तोही नव्या कॉलेजच्या डिग्रीच्या हिशोबाने, आणि नवं कॉलेज जुने क्रेडिट्स धरत नसेल तर पोरगं चांगलं खेळूनही बाकावर बसतं. डिग्री हातात असली की हे टक्क्यांचं गणितच संपतं, फक्त मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळवायची.

लवकर सोडण्याचे नियम कॉन्फरन्सपेक्षा प्रो लीगच जास्त ठरवतात. एनएफएलला, म्हणजे प्रो अमेरिकन फुटबॉलला, हायस्कूलनंतर तीन वर्षं लागतात, मॉरिस क्लॅरेट हा कॉलेज खेळाडू त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. एनबीएला, म्हणजे प्रो बास्केटबॉलला, वय १९ आणि हायस्कूलनंतर एक वर्ष. बास्केटबॉलमध्ये निदान चाचपणी करता येते, ड्राफ्टला, म्हणजे प्रो टीम फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तिथे, नाव देऊन वेळेत मागे घेतलं तर कॉलेजात परतता येतं. आणि पहिल्या फेरीत निवड झाली तर दोन वर्षांचा पगार नक्की, दुसऱ्या फेरीला तशी हमी नाही. शिवाय आता कॉलेजातच एनआयएलचे, म्हणजे स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातींना वापरू देण्याचे, चांगले पैसे मिळतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या आशेवर सोडून जाणं मला तरी पटत नाही.

आपली बरीच पोरं टेनिसला येतात, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून म्हणजे एसईसीत खेळली आणि नंतर एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकली. टेनिसमध्ये ड्राफ्टच नाही, त्यामुळे निर्णय सगळा आपल्यावर. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियात शेवटपर्यंत राहिला, २००७ आणि २००८ असा दोनदा एनसीएए चॅम्पियन झाला आणि मग प्रो. उलट निशेष बसवारेड्डीने २०२४ च्या डिसेंबरात दोन वर्षांतच स्टॅनफर्ड सोडलं आणि महिन्याभरात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचकडून पहिला सेट घेतला. पण तो अमेरिकन नागरिक आहे, आणि सोडायच्या आधीच त्याचे रिझल्ट्स प्रो लेव्हलचे होते.

भारतातून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याचं तसं नाही. कॉलेज सोडलं की स्टेटस, म्हणजे त्या व्हिसावर इथे राहायचा हक्क, जातं, आणि इथे प्रो म्हणून खेळायला वेगळा व्हिसा लागतो. एनआयएलचे पैसे घेणंही एफ-१ वर धोक्याचं, वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही नको. ग्रॅड ट्रान्सफरमध्ये डिग्रीनंतरच्या ६० दिवसांत व्हिसाचा सरकारी रेकॉर्ड नव्या कॉलेजकडे वळवायचा आणि पाच महिन्यांच्या आत नवा कोर्स सुरू व्हायला हवा. हे जमण्यासारखं आहे.

आणि एक, पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं. म्हणून आधी कॉम्प्लायन्स ऑफिस (खेळाचे नियम बघणारं) आणि इंटरनॅशनल ऑफिस (व्हिसाचं बघणारं) दोन्हीकडे जाऊन बोला, नाव त्यानंतरच टाका. आणि नाव टाकल्यावर नव्या कोचने तोंडी काहीही कबूल केलं तरी मास्टर्सची अ‍ॅडमिशन आणि स्कॉलरशिपचा आकडा लेखी येईपर्यंत होकार देऊ नका.